तुम्ही पसंत केलेलं मशीन

मास्तर,

आज कडोदऱ्याला नवीन सीएनसी लेथ बघायला गेलो होतो. विकणारा पोरगा पडद्यावर काय काय दाखवत होता. मी खिशातून डायल काढला, स्पिंडलला लावला आणि चक हाताने सावकाश फिरवला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे स्पिंडल सरळ. कंट्रोल बिघडला तर सुरतेत दुरुस्त करणारा कोण, ते नंतर विचारलं. "आधी लोखंड बघायचं, मग कंट्रोल, कटर सगळ्यात शेवटी. कटर रोज मिळतं बाजारात." वाक्य तुमचं. धुळ्याहून आलो तेव्हा मला मायक्रोमीटरसुद्धा धरता येत नव्हता. कतारगामच्या कारखान्यात तुम्ही माझी बोटं धरून शिकवलंत. वडिलांनंतर मी कुणाच्या पाया पडलो असेन तर तुमच्याच.

म्हणून तर मी स्वतःची शेड घेतली तेव्हा तुमच्याकडेच आलो. तुम्ही म्हणालात, आपल्या शेठचं जुनं लेथ निघतंय, तेच घे. मी डायल घेऊन आलो होतो. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि घरच्या अहिराणीत म्हणालात, "कसाले देखस? मी देखेल शे ना." तुम्ही बघितलंय म्हटल्यावर मी काय बघणार? डायल परत डब्यात गेला.

पहिलं काम लूमच्या रोलरचं मिळालं. रोलर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघायला लागले. मी कटरचे इन्सर्ट बदलले, दुसऱ्या कंपनीचे आणले, फीड कमी केला, पुन्हा बदलले. शेवटी तुम्हाला बोलावलं. तुम्ही दारात उभे राहून रोलर हातात घेतलात, दोन्ही टोकं मोजलीत, आणि माझ्या बायकोच्या देखत म्हणालात, "मशीन चांगलं आहे. तुझा हात अजून बसला नाही." तिने तुम्हाला चहा दिला. पार्टीने काम दुसरीकडे नेलं. मी दिवसा पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात उभा राहायला लागलो, आणि हात बसवायला संध्याकाळी स्वतःच्या शेडमध्ये. कितीतरी वर्षं मी मनातून कच्चा कारागीरच होतो.

तुम्ही वारलात, त्यानंतर बऱ्याच काळाने स्पिंडल जाम झालं. म्हातारा मेकॅनिक आला, हेडस्टॉक उघडला आणि हसायलाच लागला. "अरे, ये तो वही कतारगामवाली है. मैंने ही जोडी थी. आपके मास्तर के हाथ से ठुकी थी, कटरवाला टरेट सीधा चक में घुसा. सीधी कभी हुई ही नहीं. शेठ बोले, तुमने ठोकी, तुम ही बेचकर निकालो."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

मास्तर, मशीन माझ्या गळ्यात मारलंत, ते एक वेळ समजतं. नोकरी जायची भीती होती, घरात खाणारी तोंडं होती. पण दारात रोलर मोजत होतात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. तेव्हा नुसतं म्हणाला असतात, "हे विकून टाक, कारण विचारू नकोस," तरी मी विचारलं नसतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या हाताला नावं ठेवलीत. हा हात तुम्हीच घडवला होता, मास्तर.

काकू अजून कोसाडलाच राहतात. दिवाळीला मी फराळ घेऊन जातो. या वेळी तुमच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "त्यास्नी तुले उभं करं, नही का रे?" मेकॅनिकचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "हो काकू."

हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसलो होतो. आता नाही दाखवणार. खरं सांगायचं तर, ते "हो" म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.