संशय की अनुमान

सर, आज शब्दकोशात दुसरंच काही शोधताना ‘अनुमान’ या शब्दापाशी थांबले आणि जे. पी. नगरमधला तुमचा व्हरांडा आठवला. नव्वदच्या दशकातला. मी विशीतली, तुम्ही निवृत्त प्राध्यापक, काचबिंदूमुळे वाचणं बंद झालेलं. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी पाश्चात्त्य विचारांवर चार लेख लिहायचं तुम्ही ठरवलं होतं: तत्त्वज्ञान, धर्म, विज्ञान, कला. तुम्ही सांगायचं, मी वहीत लिहून घ्यायचं आणि घरी जाऊन पक्की प्रत करायची.

तुम्ही पुण्याचे. आमचं घर चार पिढ्या इथलं, कानडी मुलखातलं. आमच्या बोलण्यात मराठी कुठे संपतं नि कन्नड कुठे सुरू होतं, ते आम्हालाच कळत नसे. “स्वल्प थांबा सर,” मी म्हणाले की तुम्ही खूश व्हायचात. “बाई, मराठीत स्वल्प फक्त विरामाला लावतात. तुमची भाषा म्हणजे इडलीवर श्रीखंड!” आतून काकू ओरडायच्या, “अहो, खाऊन बघा एकदा, मग नावं ठेवा.” मी हसायचे. लागायचंही.

पहिला लेख संशयावर. इंद्रियांवर, आठवणींवर, अख्ख्या जगावर संशय घेत जायचं; शेवटी संशय घेणारा तेवढा उरतो, त्याला नाकारता येत नाही. तुम्ही कॉफीचा पेला उचलता. “हा आहे कशावरून?” मी म्हणते, “चटका बसतो ना सर.” “स्वप्नातही बसतो. पण हे विचारतंय कोण?” माझं पेन थांबतं. पुढे पुष्कळ वाचलं, पण पेन तसं पुन्हा थांबलं नाही.

प्रत करताना मला ‘संशय’ खटकला. आमच्याकडे संशय नवरा बायकोवर घेतो. विचारवंताला शोभेल असा शब्द मला येत होता. दुधात पाणी आहे असं वाटलं की आई म्हणायची, “मला अनुमान आहे.” तो अर्थ कन्नडातला, मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, हे मला ठाऊक नव्हतं. निदान एक शब्द तरी तुमच्याहून चांगला सुचला, या आनंदात मी तो सगळीकडे बदलला. तसाच छापून आला.

मग एका वाचकाचं पत्र आलं. ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं: लेखकाला संशय आणि अनुमान यांतला फरक कळत नाही.

“मी अनुमान म्हणालो होतो?”

“हो सर.”

माझ्या डोक्यात ते इडलीवरचं श्रीखंड होतं. दुसरं काही कारण नाही.

“सरी,” तुम्ही म्हणालात. म्हणजे ठीक आहे. तुमच्या तोंडी कन्नड शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही विचारू लागलात, “मी आत्ता काय म्हणालो?” मी वाचून दाखवायचे, तरी तुमचा विश्वास बसत नसे. धर्मावरच्या लेखाची दीड पानं झाली आणि तुम्ही थांबलात. काकू मला फाटकापाशी म्हणाल्या, “ह्यांना वाटतंय, डोळ्यांपाठोपाठ डोकंही चाललं.” मी मान हलवली आणि बसस्टॉपकडे निघाले. वर्षभराने तुम्ही गेलात.

लेखात संशय घेणारा उरतो. तुमच्यात तो कितपत उरला होता, हे मी कधी विचारलं नाही. आता काकूही नाहीत, घराच्या जागी इमारत आहे, आणि या कागदावर घालायला पत्ता नाही. कच्ची वही मात्र अजून माझ्याकडे आहे. तीत पहिल्या ओळीपासून माझ्याच अक्षरात ‘संशय’ आहे. तुम्ही बरोबरच सांगितलं होतं, सर. तुम्ही विचारलंत त्या दिवशी ती वही माझ्या पिशवीत होती.