कार्बन कूपन आणि कॉमन मीटर

रविवार, ३१ मार्च २०२४
आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतिहास घडवला. ही वही कुणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रतेची गरज नाही.

विषय एकच होता, पाण्याची मोटर. एकवीस वर्षं जुनी, चार वेळा रिवाइंड केलेली. तासाभराच्या कामाला अडीच तास घेते आणि तेवढी वीज खाते. हर्सूल तलावाचा तळ दिसायला लागलाय, नळाला पाणी नऊ दिवसांनी, आणि ते हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवणारी हीच एक. तळमजल्यावरच्या वच्छलाबाई म्हणाल्या, आधी मोटर बदला, लई कण्हायलीय ती. बाराही घरं माना डोलवायला लागली. मग मी उभा राहिलो.

समजावलं. मोटर बदलणं ही झाली जबरदस्ती. जग आता कार्बन ट्रेडिंगवर चालतं (मी कंपनीत एनर्जी सेल बघतो, मला ठाऊक आहे). प्रत्येक घराला विजेचा कोटा. दहा युनिटला एक कूपन. वीज वाचवली तर उरलेली कूपनं विका, जास्त जाळली तर दुसऱ्याकडून घ्या. मग माणूस आपणहून जुने पंखे बदलतो, दिवे घालवतो. कुणाला काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबरावांनी विचारलं, कोटा ठरणार कसा? (पाटबंधारे खात्यातून रिटायर. मोजकं बोलतात.) म्हटलं, एप्रिलमध्ये ज्याचा जितका वापर, त्यातून दहा टक्के वजा. त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं. बिल्डिंगमध्ये इतका अभ्यासू माणूस आहे हे माहीत नव्हतं.

मोटर जूनपर्यंत तहकूब. माझ्या शब्दावर. चारुताने, म्हणजे माझ्याच बायकोने, मोटरच्या बाजूने हात वर केला. घरी विषय काढला नाही.

मंगळवार, ९ एप्रिल, पाडवा
संकल्प: १) जिन्याखालच्या बोर्डावरची मीटरं दर रविवारी वाचणे. २) एसी बंद. पुढाऱ्याने उदाहरण घालून द्यावं. ३) श्रीखंड एकच वाटी.

संध्याकाळी: तीन वाट्या. बाकीचे दोन संकल्प शाबूत.

शुक्रवार, १२ एप्रिल
कंपनी पुण्याला पाठवतेय, कार्बन मार्केटचं ट्रेनिंग, दोन आठवडे. सर म्हणाले, सोसायटीत वीस टक्के बचत दाखवा, स्लाइड दिल्लीला नेतो. चारुता खुलताबादला माहेरी. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घर बंद. वीज शून्य. उदाहरण याहून चांगलं कसं घालणार?

रविवार, २८ एप्रिल
परतलो. बेचाळीस डिग्री. भर दुपारी बिल्डिंगभर गीझर चालू. रिकाम्या खोल्यांतून कूलर. साहेबराव पंधरा दिवस नाशिकला, मुलीकडे. दाराला कुलूप, आत टीव्ही मोठ्याने बातम्या देतोय. बंद करायला विसरले बिचारे. वय झालं.

वच्छलाबाईंना विचारलं, हे काय चाललंय? त्या म्हणाल्या, तुमीच तर म्हणले, एप्रिलात जितकं जाळंल तितकं मिळंल. लोकायनं ऐकलं तुमचं. पहिल्यांदाच ऐकलं.

लोकसहभाग उत्तम.

बुधवार, १ मे
कोटावाटप. कूपनं हिरव्या कार्डशीटवर छापली, प्रत्येकावर माझी सही. साहेबराव ४६. वच्छलाबाई ११. आम्ही ४.

चारुताने सगळ्यांसमोर विचारलं, चारात कसं भागणार, उद्या आई येतेय. म्हटलं, नियम म्हणजे नियम. मार्केट बघून घेईल.

बुधवार, ८ मे
सासूबाईंसाठी एसी लावावा लागतो. त्या शाल पांघरून हॉलमध्ये बसतात, मी एसीखाली. कुणीतरी बसायला हवंच.

कूपनं संपली.

शुक्रवार, १० मे
साहेबरावांकडे गेलो. आता त्यांच्या घरात एक पंखा चालू, तोही एकवर. बचत कशी करावी ते यांच्याकडून शिकावं. कूपनांचा ढीग उशीखाली. भाव विचारला. म्हणाले, पैशाला काय करायचं, पाणी बोला. एका कूपनाला चार हंडे. गेटपाशी टँकर येतो, तिथून भरून दुसऱ्या मजल्यावर.

तत्त्वतः नकार दिला. मी धोरण आखतो. मी भिस्ती नाही.

रविवार, १२ मे
मीटरवाचन. बारा घरांचा मिळून वापर एकतीस टक्क्यांनी खाली!!! सरांना लगेच फोन. सर खूश.

एकच खटकलं. जिन्यातले दिवे आणि मोटर यांचं जे कॉमन मीटर आहे, त्याचे आकडे वाचेपर्यंत बदलत होते. पण कॉमन मीटर कुणाचंच नाही, त्यामुळे ते योजनेत नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, समद्यांनी कॉमनवर वायरी टाकल्यात, जिन्यात बघा की. बघितलं. सात-आठ वायरी आहेत. केबलवाल्याच्या असाव्यात.

बुधवार, १५ मे
आम्हीही एक टाकली. जिन्यातल्या बोर्डातून, खिडकीतून, थेट एसीला. तात्पुरती. पायलट प्रोजेक्ट म्हणून. आमच्या मीटरवर भार जवळपास शून्य.

चारुता म्हणाली, वीज तर तेवढीच जळतेय ना? अभियांत्रिकी हा तिचा विषय नाही. आमच्या कंपनीनेही जुनी भट्टी तशीच ठेवली आणि दुसऱ्याच्या बचतीची सर्टिफिकिटं घेतली. कागदावर आम्ही आता अत्यंत कार्यक्षम आहोत. भट्टी धूर काढतेच आहे, तो भाग वेगळा.

रविवार, १९ मे
स्लाइडचं नाव ठरलं: ‘हर्सूल मॉडेल’. माझा फोटो कोपऱ्यात घ्यावा की मध्ये?

मंगळवार, २१ मे
सकाळी १०. नळाला पाणी आलं, बारा दिवसांनी. हौद भरला. मोटर लावली. उकाडा भयंकर. एसी चालू (सासूबाई).

१०.४०. मोटरचा आवाज घोगरा.

१०.४५. आवाज बंद. जळका वास.

दुपारी ३. बद्रीनाथ वाइंडर आला, ज्याने ही मोटर चारही वेळा बांधली. वाकून वास घेतला आणि म्हणाला, गेली, आता नाय होत. एका लाइनीवर इतका लोड टाकला तर व्होल्टेज कुठून ऱ्हाणार? मग म्हणाला, ही सगळ्यात जाड वायर कुणाचीय ते बघू.

वायर हातात धरून जिना चढायला लागला. मागे अख्खी बिल्डिंग. पहिला मजला गेला. दुसरा गेला. साहेबरावांचं दार मागे पडलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. खरंच, मलाही उत्सुकता होती. तिसऱ्या मजल्यावर वायर वळली आणि आमच्या खिडकीत शिरली. आतून सासूबाई ओरडल्या, जावईबापू, बंद करा की ते यंत्र, लई गार व्हायलंय.

हौदात पाणी काठोकाठ, आणि वरच्या नऊ घरांत एक थेंब नाही. वच्छलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, २३ मे
मीटिंग. सगळ्या वायरी काढल्या. नवी मोटर घ्यायचं ठरलं, नऊ मिनिटांत. मग साहेबरावांनी चष्मा लावून माझेच मार्चमधले नियम वाचून दाखवले. जास्त जाळलं तर दुसऱ्याकडून कूपनं घ्यायची. एसीचा हिशेब बद्रीनाथने केला. मी उणे सतरा. सगळ्यांच्या वायरींचा हिशेब लागल्यावर कूपनं उरली फक्त साहेबरावांकडे. सतरा चोक अडुसष्ट हंडे.

म्हटलं, नियमाचा हेतू बघा. ते म्हणाले, व्हय व्हय, मार्केट बघून घेईल.

शनिवार, २५ मे
सात हंडे. पाठ.

रविवार, २ जून
नवी मोटर बसली. टाकी पन्नास मिनिटांत भरली. कॉमन मीटर आता शांतपणे वाचता येतं. वीज निम्म्याहून कमी. तिसऱ्या मजल्यावर नळ सोडला तर पाणी धो धो. सासूबाईंनी हात धुतले आणि नुसत्या बघत राहिल्या. मला वाईट वाटलं. मार्चमध्येच झालं असतं हे.

दुपारी सरांचा फोन. बचत झाली का? झाली, भरपूर. कशामुळे? मोटर बदलली. सर म्हणाले, पण ह्यात ट्रेडिंग कुठंय? हे स्लाइडवर नाही घेता येणार.

उरलेले हंडे: एकोणीस. नळाला पाणी आलं तरी सूट नाही, विचारून झालं. साहेबराव दारात खुर्ची टाकून बसतात, दर चौथ्या हंड्याला एक हिरवं कूपन माझ्या खिशात घालतात, आणि प्रत्येक हंडा माझ्यासमोर कूलरमध्ये ओततात. कूपनावर माझीच सही असते.