टाकीतलं पाणी

कांदिवली,
शनिवार, दुपार

प्रिय नेत्रा,

तुझी उरलेली बॅग न्यायला श्रुतिका तासाभरात येते आहे, तिच्याच हाती हे पत्र देतोय. कांदिवलीहून मुलुंडला, तुझ्या या मैत्रिणीच्या घरी, फोन लागतो हे मला ठाऊक आहे. पण तू माझा फोन घेत नाहीस; घेतलास तरी माझी दोन वाक्यं ऐकशील आणि ‘जाऊ दे ना बाबा’ म्हणशील, आणि या वेळी मला जाऊ द्यायचं नाहीये. सोमवारी अकरा वाजता तू तुझ्या कंपनीच्या तीन वर्षांच्या करारावर सही करणार आणि हैदराबादला जाणार. त्याच्या आत तुझं हे वाचून व्हायला हवं. अक्षर किरटं आलं तर घाईला दोष दे, माझ्या गुरुजींना नको.

दिवाळीनंतर तू बाल्कनीच्या ग्रिलला ते पांढरे पाइप आडवे बांधलेस, तेव्हा मी विचारलं होतं की सोसायटीचा नळ आपल्याकडे वळवतेयस का. माती नाही, कुंडी नाही. पाइपाच्या भोकांतून डोकावणारी लेट्यूस, पालक, बेसिल, आणि खाली चाळीस लिटरची टाकी, तिच्यातलं पाणी पाइपांतून फिरवणारा पंप. मी त्याला ‘निराधार शेती’ म्हणायचो. तू दर वेळी ‘हायड्रोपोनिक्स’ म्हणून माझी चूक सुधारायचीस, मी विद्यार्थ्यांची सुधारतो तश्शी. मग एके सकाळी तुझी लेट्यूस मी आपणहून पावात घालून खाल्ली आणि तू ती बातमी मुलुंडच्या मैत्रिणींपर्यंत पोचवलीस. बिल्डिंगमधली सहा घरं तुझ्याकडून पाला न्यायला लागली. एक दिवस तू म्हणालीस, नोकरी सोडते, लोकांच्या बाल्कन्यांत हेच उभं करून देते.

अट मी घातली होती, हे लक्षात ठेव, पुढे त्याला महत्त्व आहे. तू कंपनीच्या ट्रेनिंगला तीन आठवडे जाणारच होतीस. मी म्हटलं, चाळीस रोपं माझ्या हाती सोडून जा. माझ्यासारख्या अडाण्याकडे जगली तर कुणाकडेही जगतील, मग मी चकार शब्द काढणार नाही. मेली तर हा छंद समजायचा आणि कंपनीचा करार करायचा. तू हसलीस, माझा हात हातात घेऊन जोरात हलवलास आणि टाकीवर सूचनांचा कागद चिकटवून निघून गेलीस.

सोळा दिवस मी तो कागद पाळला, नेत्रा. रोज सकाळी मीटर बुडवून पीएच बघितला, सहाच्या आसपास ठेवला. खताच्या दोन बाटल्या एकमेकींत मिसळू न देता वेगवेगळ्या मापून पाण्यात घातल्या. टाकीवर ऊन पडलं की ओलं गोणपाट टाकलं. मुळं पांढरीशुभ्र होती, धुतलेल्या सुताच्या लडीसारखी. लेट्यूस तळहाताएवढी झाली. आजी येताजाता तिच्याकडे बघून मान हलवायची. मीही बघत उभा राहायचो, आणि मला तुझं कौतुक वाटायचं, आणि तू खरंच नोकरी सोडशील याची भीतीही वाटायची. दोन्ही खरं आहे.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी तू आलीस ती चपला न काढता थेट बाल्कनीत गेलीस. सगळी आडवी पडलेली. तू एक रोप जाळीच्या पेल्यासकट उचललंस. मुळं तपकिरी, बुळबुळीत, बोटांना चिकटणारी. मी म्हणालो, एप्रिलचं ऊन, पाणी तापलं. भांडली असतीस, मला चार शब्द सुनावले असतेस, तर खरं काय ते तिथेच माझ्या तोंडून निघून गेलं असतं. तू हात धुतलेस आणि म्हणालीस, “ठरलं होतं ना बाबा.” दुसऱ्या दिवशी न जेवता श्रुतिकाकडे गेलीस.

ऊन होतं, पण कारण ते नव्हतं. त्याआधीच्या रविवारी आजीने बांगडे साफ केले. मासळी धुतलेलं पाणी तिने जन्मात कधी मोरीत ओतलेलं नाही. गावाला ते माडाच्या मुळाशी जायचं, लालबागच्या चाळीत डब्यातल्या कढीपत्त्याला. तुळस तेवढी वर्ज्य. त्या दिवशी तिने तुझ्या टाकीचं झाकण उचललं आणि पातेलंभर पाणी आत ओतलं. मग स्वयंपाकघरात येऊन मला अभिमानाने सांगितलं, “पोरीन झाडांका नुसत्या पाण्यार ठेवल्यान. ती जगतली कशी?” मी म्हटलं, बरं केलंस. तिला आजही वाटतं की रोपं उन्हाने गेली. तिला तसंच वाटू दे. तू उपाशी का गेलीस हे ती मला रोज विचारते आणि मी रोज पेपर वाचतो.

आता तू म्हणशील, बाबा आजीला पाठीशी घालत होते. आठ दिवस मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. कारण सोयीचं होतं, शिवाय त्याला मातृभक्तीचा सुवास होता.

पण आजीने मला सांगितलं ते ओतल्यावर पाच मिनिटांनी. तुझ्या कागदावर लाल शाईने लिहिलंय: पाण्याला वास आला की पंप बंद, टाकी रिकामी, पाइप आणि मुळं स्वच्छ पाण्याने धुवायची, नवं पाणी, नवं खत. अर्ध्या तासाचं काम. मी बाल्कनीत गेलो. झाकण उचललं. तीस वर्षं मी मुलांना न्यायशास्त्र शिकवताना सांगतोय की गंध हा पृथ्वीचा गुण, पाण्याला स्वतःचा वास नसतो. वास आला की त्यात दुसरं काही मिसळलंय असं अनुमान करावं. मला तर अनुमानाचीही गरज नव्हती. मी झाकण परत ठेवलं आणि आत येऊन बांगड्याचं तिखलं जेवलो. सोमवारी पाण्यावर फेस आला. मंगळवारी दुपारी पानांनी माना टाकल्या आणि ऊन उतरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. तेव्हाही काही वाचली असती. बुधवारी उभी राहिली नाहीत. पंप मात्र चालू होता, मी त्याला हात लावला नाही.

तुझे आजोबा गिरणी बंद पडल्यावरही वर्षभर सकाळी सातला डबा घेऊन बाहेर पडायचे, बागेत बसून तो खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. मी बारा वर्षांचा होतो. एकदा शाळेतून येताना मला ते बाकावर दिसले, आणि त्यांनाही मी दिसलो. आम्ही दोघांनी ते कधीच बोलून दाखवलं नाही. पक्की नोकरी हवी या माझ्या हट्टाची व्युत्पत्ती तिथली आहे. हे समर्थन नव्हे. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.

मला हवं ते झालंय. तू नोकरी सोडत नाहीयेस, आणि गेले सात दिवस मी श्रुतिकाच्या फोनची वाट बघत होतो, कारण तू माझा घेत नाहीस. आज तिने सहज सांगितलं की तू पाइपसुद्धा कुणाला तरी देऊन टाकणार आहेस, ‘माझ्याने नाही जमलं’ म्हणालीस. तेवढ्यासाठी हा कागद घेतला. सोमवारी सही करायची असेल तर कर. हैदराबाद आवडलं असेल तर जा, मी पोचवायला येईन. पण चाळीस रोपं मेली म्हणून सही करू नकोस. ती तुझ्या हातून मेली नाहीत, आजीच्याही नाहीत. मी ती मरू दिली.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा