मानाचा बाण

अप्पा,

काल मला कुंभकोणमजवळच्या दारासुरमच्या एका शाळेत बोलावलं होतं. रॉकेटच्या कारखान्यात जन्म काढलेली बाई आपल्याच भागातली आहे हे तिथल्या मुख्याध्यापकांना कुठून तरी कळलं, आणि मग शाल, हार, नारळ, सगळं रीतसर झालं. एका मुलीने विचारलं, हे तुम्हाला पहिल्यांदा कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. टाळ्या वाजल्या. तुमच्यासाठी वाजल्या, अप्पा. मी खुर्चीत बसून हसत होते आणि आतून नुसती जळत होते. घरी आल्यावर कॉफीसुद्धा न घेता कागद ओढला. तुम्हाला जाऊन साठ वर्षं होत आली, मीही ऐंशीला टेकले, आणि नोकरीतल्या पुण्या-नागपूरच्या माणसांत राहून माझं तंजावरी मराठी पार बदलून गेलं. हे वाचलंत तर तुम्ही म्हणाल, ही कोणाच्या घरची बोलते? तुमच्याच घरची. जिला तुम्ही चौदाव्या वर्षी कामाच्या शेडमधून बाहेर काढलंत, तीच.

शेड आजही डोळ्यांपुढे आहे. परसात विहिरीच्या पलीकडे, चुलीपासून लांब, वर नारळाच्या झावळ्या. एकेकाळी तंजावरच्या राजवाड्यात आपल्या घराण्याचं दारूकाम उडायचं म्हणे. तुमच्या वाट्याला कुंभकोणमची देवळं उरली होती. तुम्ही सोरा, गंधक आणि कोळसा वेगवेगळे कुटून ठेवायचात, मिसळायचात ते फक्त स्वतःच्या हाताने. माझं काम बाण भरण्याचं. कागदाची जाड नळी साच्यात उभी करायची, चिमूटभर दारू घालायची, वर लाकडी दांडा ठेवायचा आणि मोगरीने ठोकायचं. मग पुढचा थर. प्रत्येक थराला चोवीस ठोके, आणि ते आकड्यांनी मोजायचे नाहीत. आकडे म्हणता म्हणता मन भलतीकडे जातं, म्हणून संध्येतली चोवीस नावं म्हणायची, एका नावाला एक ठोका. केशव, नारायण, माधव, गोविंद, असं करत शेवटच्या कृष्णापर्यंत. संध्या करायची मुलांनी; मला ती नावं तुम्ही मोगरीसाठी शिकवलीत. तुम्ही म्हणायचात, "नांव चुकलं तर जीभ अडखळते, आणि जीभ अडखळली की हातास कळतं." एवढं शहाणं वाक्य मी पुढे कुठल्याही वर्गात ऐकलं नाही. म्हणूनच तर राग येतो. तुम्ही मूर्ख असतात तर मी केव्हाच विसरले असते.

माझ्या त्या चौदाव्या वर्षी रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला होता. शाळेत, बाजारात, कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. मग अमेरिकेनेही घाईघाईने आपला सोडायला घेतला आणि तो उभ्या जागी फुटला. त्या सकाळी तुम्ही पुढच्या तिण्णैवर, रस्त्याला लागून असलेल्या त्या ओट्यावर, तमिळ वर्तमानपत्र पसरून बसला आहात आणि मला हाक मारता. बातमी दोनदा वाचून घेता. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणता, "ठोक कमी पडला त्यांचा. कोण्ही तरी घाई केली असल." मी हसते, तुम्हीही हसता. आता मला माहीत आहे की त्या रॉकेटात पातळ इंधन होतं, तिथे मोगरीचा काही संबंध नव्हता. पण तुमचा प्रश्न बरोबर होता. काय कमी पडलं, कोणाच्या हातून, कशाने. हजारो कोसांवरच्या परक्या माणसांसाठी तुम्ही हा प्रश्न विचारलात.

माघाचा उत्सव आला. देव चौकात आले की पहिला बाण आपल्या घराचा उडायचा, मग बाकीचं दारूकाम. तो मानाचा बाण हातभर लांब, सगळ्यांत शेवटी भरायचा ही तुमची रीत, म्हणजे दारू ताजी राहते. त्या वर्षी तुमचं मनगट मुरगळलं होतं. तुम्ही मोगरी माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "हा तूं भर गे. तुझा हात सारखा पडतो." अप्पा, मला पुढे बरंच काही मिळालं, कालची शालही त्यातलीच. पण त्या चार शब्दांच्या तोडीचं काही मिळालं नाही. आपल्या घराण्यात मानाचा बाण बाईच्या हाताने कधी भरला नव्हता. तुम्ही हे बाहेर कोणाला सांगितलं नाहीत, मीही नाही.

तो भरला त्यानंतर चौथ्या दिवशी उत्सव. आणि नेमकी त्याच सकाळी मला पाळी आली, म्हणून मी मागच्या पडवीत दूर बसले. संध्याकाळी दिवे लागले, सगळं घर चौकात गेलं. मी विहिरीपाशी उभी राहून भिंतीच्या वरच्या आकाशाकडे बघत होते. ढोल आणि नागस्वर ऐकू आले, थांबले, म्हणजे आता. वर काहीच गेलं नाही. खाली धप्प असा आवाज झाला, भिंतीमागे पिवळा उजेड पडला आणि मग लोकांचा गलका. कोणाला लागलं नाही, हे नशीब. पण देवावरच्या रेशमी छत्रीची एक बाजू जळाली.

थोड्या वेळाने तुम्ही परत आलात आणि मागोमाग देवळाचे पंच. आपल्या घराची सगळी दारं एका ओळीत. पुढच्या ओट्यावर बोललेलं मागच्या पडवीत ऐकू यायचं. त्यांच्यातल्या थोरल्याने विचारलं, इतक्या पिढ्यांत झालं नाही ते आज कसं झालं? तुम्ही तमिळमध्ये सांगितलंत, घरात विटाळ होता, मुलीचा हात बाणाला लागला. बस्स. एवढंच. चार माणसांसमोर, रस्त्यावर. माझी पाळी त्या सकाळची, बाण त्याच्या चार दिवस आधीचा. तुम्हाला हे ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, साक्षात देवाला ठाऊक होतं. तरी तुम्ही तो विटाळ चार दिवस मागे ओढून नेऊन माझ्या हाताला बांधलात. पंचांचं लगेच समाधान झालं. शुद्धी करून घ्या म्हणाले, मान तुमच्याकडेच राहील. आई केळीच्या पानावर भात घेऊन मागे आली, लांबूनच पान सरकवलं आणि म्हणाली, "जेव गे. अस्कीं विसरतील." सगळे विसरले, हेही खरं. पुढच्या वर्षी मानाचा बाण उडाला, नीट उडाला, आणि तो धाकट्या काकांनी भरला. मला मात्र शेडच्या उंबऱ्यापलीकडे पुन्हा पाऊल टाकू दिलं नाहीत. मी विचारलं तर एवढंच म्हणालात, "नको. पुरे झालं."

मी शिकले ती त्या रागाने. शाळा, मग कॉलेज, पदार्थविज्ञान. समुद्रकाठच्या त्या रॉकेटच्या कारखान्यात घन इंधनाच्या विभागात लागले. अजून नीटसा रस्तासुद्धा नव्हता तिथे. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एका साहेबांनी आकृती काढून दाखवली, की इंधन सारखं भरलं नाही, मध्ये पोकळी राहिली, तर ते एकदम पेटतं आणि नळी फुटते. मी त्या फळ्याकडे बघत राहिले. शेजारच्याने विचारलं, समजलं नाही का? मला चौदाव्या वर्षापासून समजलं होतं. मग आमची रॉकेटं उडाली. काही उडाली, काही नाही. एक मोठं, ज्याच्यावर आम्ही सगळ्यांनी कित्येक वर्षं घालवली होती, ते समुद्रात पडलं. दुसऱ्या दिवशीपासून चौकशी सुरू झाली. प्रत्येक विभागाला बोलावलं, कागद मागितले. कोणी भरलं, कधी भरलं, किती भरलं, तपासलं कोणी. माझी पाळी आली तेव्हा मला तासभर उभं-आडवं विचारलं. बाहेर आल्यावर एक सहकारी चिडून म्हणाला, आपल्यावर संशय घेतात. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते अपमानाने नाही. माझ्या हाताने काय केलं हे जाणून घ्यायची कोणाला तरी गरज वाटली होती. आमच्या विभागात चूक निघाली नाही. कारण दुसरीकडे सापडलं, दुरुस्त झालं, आणि त्याच्या पुढचं रॉकेट वर गेलं. तेव्हा लोक नाचले. मला आठवते ती चौकशीच.

आणि म्हणून विचारते, अप्पा. अमेरिकेच्या रॉकेटाला तुम्ही जो प्रश्न विचारलात तो मला का नाही विचारलात? फुटलेल्या नळीचा तुकडा तुम्ही उचलून आणला होतात. पंचांपुढे ओट्यावर जायच्या आधी तो परसात कंदिलाजवळ धरून बघितलात, नखाने खरवडलात, हुंगलात. मी पडवीतून पाहिलं आहे. तीस वर्षं दारू भरलेला माणूस, तुम्हाला त्या तुकड्यात काय दिसलं नसेल? ठोक कमी पडला, हे दिसलं. पण तसं म्हणायचं तर बाण मुलीने भरला हे आधी कबूल करावं लागलं असतं, तिला भरायला दिला हे कबूल करावं लागलं असतं, आणि मान गेला असता. विटाळात कोणाचाच दोष नसतो, ना तुमचा ना घराण्याचा. शुद्धी केली की संपलं. फार सोयीचं. मला चुकलेली कारागीर म्हणण्यापेक्षा विटाळलेली मुलगी म्हणणं तुम्हाला सोपं गेलं. तुम्ही मला रागावला असतात, मोगरी माझ्या अंगावर फेकली असतीत, तर मी ती उचलून पुन्हा चोवीस ठोके मारायला बसले असते. विटाळाचं मी काय दुरुस्त करणार होते?

आता राहिलं ते लिहून टाकते. तो बाण भरत होते त्या संध्याकाळी शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की सूर्य मावळल्यावर रशियाचा चंद्र दिसेल, थोडा वेळच दिसेल. वरचे सहा-सात थर राहिले होते. तुम्ही मनगटाला तेल लावून घ्यायला आत गेला होतात. मी केशवापासून सुरू करून दामोदरापाशी थांबू लागले. चोवीसांतली बाराच नावं, बाराच ठोके. दामोदर झाला की पुढचा थर. जीभ कुठेच अडखळली नाही. मोगरी ठेवून माडीवर धावले, तर तो गोपुरामागे चाललाच होता. एक चांदणी सरकताना दिसली, न दिसली.

मी कायम स्वतःला सांगत आले की तुम्ही विचारलं असतंत तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. त्याच भरवशावर साठाहून जास्त वर्षं तुमच्यावर रागावले. हा कागद मी कोणालाही दाखवणार नाही, तेव्हा इथे खोटं लिहून काय मिळवायचं आहे. पंचांपुढे तुम्ही ते वाक्य बोललात आणि मी पडवीत ऐकलं, तेव्हा मला राग आला नव्हता. राग दुसऱ्या दिवशी आला. त्या क्षणी मी भिंतीला टेकून खाली बसले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.