सुजाताचा उजवा हात

४ एप्रिल, मुखेड
सुजाताच्या खांद्याचं हाड शाबूत आहे. नांदेडच्या डॉ. कदमांनी आज फोटो बघून सांगितलं. ते कायरोप्रॅक्टर. गोळी देत नाहीत. मणके, सांधे, स्नायू हातानंच मोकळे करतात. खांद्याच्या फऱ्यावर अंगठा रोवला, तर कळ थेट मनगटात. तिनं टेबलाची कड धरली. "गाठ वर बसते, बोंब खाली मारते," डॉक्टर म्हणाले. गाठ सैल होईपर्यंत अंगठा हलवला नाही. येताना एसटीची खिडकी तिनं स्वतः सरकवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.
सहा आठवडे घागर बंद. पाणी नवऱ्यानं, म्हणजे मी भरायचं. उपकेंद्रात नर्स आहे ती. हात थरथरला तर लेकरांना सुई कशी टोचू, एवढंच धरून बसलीय.

१३ एप्रिल
दुसरी खेप. गाठ निम्म्यावर. मानेला त्यांनी अजून हात लावला नाही, आधी स्नायू सुटू द्या म्हणाले. घरी भिंत आणि पाठ यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून टेकायचं. शेजारची गंगामावशी बघून म्हणाली, भिंत पडंल बाई. उद्या जयंती. मिरवणुकीत चौकापर्यंत चालणार म्हणते.

१९ एप्रिल
टँकर नवव्या दिवशी आला, दुपारी चारला. मी नव्या जिल्ह्याच्या मोर्चात. मुखेड नव्यात जाणार की नांदेडातच राहणार, सहाच्या आत पेपरला बातमी द्यायची होती. घरी आलो तर दोन्ही टिपाडं भरलेली. सुजाता भिंतीला टेकून, चेंडूशिवाय. कशाला भरलंस, म्हणणार कसं. भरलं नसतं तर प्यायलो काय असतो.

२० एप्रिल
मान वळत नाही. डॉक्टर बाहेरगावी, २३ला येणार. फोनवर म्हणाले, शेक द्या, पडून राहा, मान कुणाला मोडू देऊ नका.
मावशी आली. "घरात पायाळू माणूस हाय, अन् नांदेडला चकरा मारून राहिलाव?"
मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. लहानपणी उसण भरलेली माणसं आमच्या दारात येऊन पालथी पडायची, आणि पायाळूचा पाय लागला की उसण जाते म्हणून आजी माझा पाय त्यांच्या पाठीला लावायची. बाबांना त्याची चीड. त्यांनीच बंद केलं. तेव्हापासून कुणाला पाय लावला नव्हता.
उद्या लसीकरण. सुजाता म्हणाली, "हळूच लाथ द्या. बघू तरी."
दिली. डाव्या पायानं, तीनदा. तिसऱ्या वेळी तोल गेला, टाच मानेच्या बुडाशी पडली. आवाज झाला.
मावशी म्हणाली, सुटली बघ.

२१ एप्रिल
करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. सिरिंजचा दट्ट्या दाबला जाईना. लेकरू दुसऱ्या नर्सच्या पुढ्यात सरकवलं. बायांना सांगितलं, आज डोळे दुखतात. हे तिनं संध्याकाळी भाकरी मोडता मोडता सांगितलं. भाकरी मी मोडून दिली.

२३ एप्रिल, नांदेड
डॉक्टरांनी दोन्ही बोटांना टाचणी टोचली. तिला कळलं नाही. मुठीत त्यांची बोटं आवळायला लावली. उजवी मूठ ढिली. हे गाठीचं काम नाही, मानेतून निघणारी शीर दाबली असणार म्हणाले. आज अंगठा लावलाच नाही. एमआरआय करून घ्या.
मग विचारलं, "मानेला झटका बसला का? कुणी दाबली, ओढली?"
"पाणी भरताना घसरले," सुजाता म्हणाली.
त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडं. तीस वर्षं लोकांना तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारून खरं काढत आलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारला नाही.
एसटीत तिला म्हणालो, सांगायला हवं होतं. "मीच म्हणाले होते ना, द्या म्हणून," ती म्हणाली.

२६ एप्रिल
नव्या जिल्ह्याचं लांबणीवर. बातमी आठ ओळींत संपवली. एमआरआय काल झाला.
सुजाता डाव्या हातानं सही गिरवत होती. मी आत आलो तसा कागद उलटा केला.
आज मावशी दारात आली नाही. मीही बोलावलं नाही. तिचा काय दोष. पाय माझा.

२८ एप्रिल
रिपोर्ट उद्या अकराला मिळणार. सेंटरच्या माणसानं फोन करून सांगितलं. तो घेऊन बाराला डॉक्टरांकडं. शीर किती दाबलीय, दाब जुना की ताजा, त्यावरून ठरेल. शस्त्रक्रिया, नाहीतर नुसती वाट बघणं. बोटं परत येतीलच असं ते म्हणालेले नाहीत.
सगळं एका कागदावर लिहून काढलं. तारीख, वेळ, डावी टाच, तिसऱ्या वेळचा आवाज. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा "लाथ बसली" असं झालं. खोडून "मी मारली" केलं.
सुजाताला वाचायला दिला. तिनं वाचला, घडी घातली, माझ्याच खिशात सरकवला.
"द्यायचा तर द्या. माझी बोटं त्यानं येणार नाहीत."
सातची एसटी. बाराला डॉक्टर पुन्हा विचारतील, किंवा विचारणार नाहीत.