एक वाजताचं ताट

कारखाना वसाहत,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. नीलम्मा आत्यास,
मृत्युंजयचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेला धपाट्यांचा डबा मी आणि सटवानं पहिल्याच दिवशी संपवला. सटवा म्हणजे नांदूरघाटचा, माझ्याबरोबर लॅबमध्ये उसाचा रस तपासतो तो. तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि तू नुसतं बरं बरं म्हणतेस, त्यापेक्षा हे पत्रच बरं. पोस्टाची पेटी शोधत फिरतो म्हणून इथली पोरं मला हसतात.

हंगाम सुरू झालाय. पहाटे चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार अशा तीन पाळ्या, आणि दर आठवड्याला बदल. पोटाला दिवस कुठला नि रात्र कुठली तेच कळेना झालंय. पहाटे भजी, दुपारी झोप, संध्याकाळी पोहे, मग पाळीभर बिस्किटं आणि चहा. काल साखरेच्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो तर शहाण्णव किलो भरलो. काट्यावरचा माणूस म्हणाला की पन्नास-पन्नासच्या दोन पोत्यांना चारच किलो कमी पडले.

सांगणार नव्हतो, पण सांगतो. पाटोद्याच्या स्थळाचा निरोप आलाय. ईश्वरीला मी पसंत आहे, पण तिचे वडील म्हणतात की आधी जरा बारीक होऊ द्या, उन्हाळ्यात बघू. मला वाईट वाटलं गं. मुलगी मनापासून आवडलीय. म्हणून ठरवलंय की पाळी कोणती का असेना, दोनदाच जेवायचं आणि भज्यांकडे बघायचंही नाही.

तुझी माया तेवढी आहे तशी राहू दे, ती किलोनं कमी करू नकोस.

तुझा,
मृत्युंजय


दिंद्रुड,
दि. २० नोव्हेंबर २०२४

चि. मृत्युंजय यास,
नीलम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाटोद्याच्या त्या गृहस्थांना मी पाहिलंय. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या आधी दारातून आत येतं. पण मुलगी तुला आवडली असेल तर हो बारीक, माझी ना नाही. उपाशी मात्र राहू नकोस.

दादा-वहिनी गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून तुला वाढल्याशिवाय मी कधी जेवले नाही. आता एकटीला घास उतरत नाही. म्हणून एक केलंय. दुपारी एकला आणि रात्री आठला तुझा पाट मांडते, समोर ताट वाढते, तुझं नाव घेते आणि मग शेजारी बसून जेवते. तिकडं तुझ्या वेळा चुकल्या तरी इथली चुकायची नाही. ते अन्न नंतर गाईला घालते. शेजारच्या वनमालानं खुणेनं विचारलं की कुणाचं ताट हाय. मी सांगितलं, पोराचं. ती उठून गेली, चहालाही थांबली नाही.

इकडची काळजी नसावी, आठवण मात्र असावी.

तुझी,
आत्या


कारखाना वसाहत,
दि. १५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी गोड आहे. ऐंशी किलो. पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली. सटवा रोज विचारतो की कावून एवढा वाळलास बे, काय औषध हाय ते मलाबी सांग. औषध कसलंच नाही. मला भूकच लागत नाही.

गंमत ऐक. दुपारचा एक आणि रात्रीचे आठ, या दोन वेळांना पोट आपोआप भरतं. रातपाळी करून झोपलेलो असलो तरी बरोबर एकला जाग येते आणि ढेकर येतो. गेल्या मंगळवारी रसाची नळी हातात होती आणि तोंडाला आंबाडीच्या भाजीची चव आली, लसणाच्या फोडणीसकट. इथं आंबाडी कुठली असायला? त्या दिवशी तू काय केलं होतंस, आठवलं तर कळव.

ईश्वरीला फोटो पाठवला. तिनं कळवलंय की आता एवढं पुरे. मलाही तसंच वाटतं.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
मृत्युंजय


दिंद्रुड,
दि. २४ डिसेंबर २०२४

चि. मृत्युंजय यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी आंबाडीच होती. लसूण जरा जास्त पडला होता. तुझ्यापर्यंत पोचतंय म्हणून मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू.

पण गाय ते अन्न खात नाही. नाक लावते आणि मान फिरवते. म्हणून काल मीच घास घेऊन पाहिला. ना मीठ, ना तिखट, नुसता चोथा. त्याच पातेल्यातली माझ्या ताटातली भाजी चांगली झणझणीत होती.

आणखी एक. देवळातली घंटासुद्धा मला ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. काल एक वाजता माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी जेवत होतं. भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाजही आला. तू लहानपणी तोंड वाजवत खायचास, अगदी तसं. वळून पाहिलं तर कुणी नाही. पाटाला हात लावला, तो गरम होता. मी भ्याले नाही. नऊ वर्षांनी मला काहीतरी ऐकू आलं रे, मी तिथंच बसून राहिले.

थंडीत कानाला बांधत जा आणि आत्याला विसरू नकोस.

तुझी,
आत्या


कारखाना वसाहत,
दि. २० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साठ किलो. आता मी खातोय, आत्या. मुद्दाम खातोय. कॅन्टीनमध्ये बसून चार-चार चपात्या खातो, सटवा समोर बसून मोजतो. कशालाच चव नाही. मीठ नाही, तिखट नाही, नुसता चोथा. हे तू मागच्या पत्रात जसं लिहिलंस तसंच आहे, आणि ते वाचून मला झोप आली नाही.

केजच्या डॉक्टरांनी रक्त, थायरॉइड, साखर सगळं तपासलं. काहीच निघालं नाही. ते म्हणाले की पाळ्यांमुळे होतं असं, वेळेवर खा. ईश्वरीचे वडील आता विचारतात की मुलाला काही आजार तर नाही ना. ती बिचारी रडली म्हणे.

मला भीती वाटते. तू ताट वाढणं बंद कर. हे पत्र हातात पडेल त्या दिवसापासून बंद कर.

यात माझा राग नाही, तुझाही नसू दे.

तुझा,
मृत्युंजय


दिंद्रुड,
दि. ३० जानेवारी २०२५

चि. मृत्युंजय यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून सहा दिवस झाले. ताट मी बंद केलेलं नाही.

संक्रांतीला मठातले राजेश्वर स्वामी आले होते. मांडलेला पाट पाहून ते उंबऱ्यावरच थांबले. पाटीवर लिहून त्यांनी मला समजावलं की आपल्या घरात नाव घेऊन ताट वाढतात ते गेलेल्या माणसाला, तेही अकराच दिवस. जिवंत माणसाच्या नावानं वाढलं तर त्यावर कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तुझ्या बापाचं ताट मीच वाढलं होतं. पण तू जिवंत आहेस, नुसता लांब आहेस, त्याला काय होतंय, असं मला वाटलं. चूक माझीच आहे.

आता तो दिसतो. भिंतीकडे तोंड करून पाठमोरा बसतो. चांगला भरलाय, मानेला तुझ्यासारखी वळी पडते. तो बोलतो आणि मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. भाजी छान झालीय म्हणतो, तू पण बस म्हणतो. रोज सकाळी मी ठरवते की आज वाढायचं नाही, आणि पावणेएकला हात परातीकडे जातात. घर भरल्यासारखं वाटतं रे. माझा लोभ तुझा जीव खातोय हे कळतं, तरी हात जातात.

तू ये. तुझ्या पाटावर तू बस आणि तुझं ताट तू जेव, म्हणजे त्याला जागा उरणार नाही. स्वामींनीही हेच सांगितलंय. मला एकटीला हे जमणार नाही.

दोष दे, पण मला तोडू नकोस.

तुझी,
आत्या


दिंद्रुड बसस्थानक,
दि. १२ फेब्रुवारी २०२५, दुपारी तीन

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गावातूनच लिहितोय. वनमालाकाकूंच्या हाती देतो, त्या तुला आणून देतील. मला सुट्टी आजच मिळाली. निघताना सत्तेचाळीस किलो होतो.

एक वाजता मी आपल्या दारात होतो. दार उघडं होतं. मी हाक मारली, तुला ऐकू गेली नाही. मग तू वळलीस, मला वरून खालपर्यंत पाहिलंस आणि ओळखलं नाहीस. तू म्हणालीस की बाबा, जरा थांब, आत पोरगं जेवतंय. मी आत्या, आत्या म्हणत राहिलो. तू हात हलवून मला पायरीवर बसायची खूण केलीस.

तो तुझ्या मागे बसला होता. अंगात माझा जुना निळा शर्ट होता, जो मला आता तंबूसारखा होईल. त्याला तो घट्ट बसला होता. त्यानं वळून पाहिलं नाही. मी हाक मारली तेव्हा त्याचा हात ताटावर थांबला, एवढंच. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. मी तिथं जाऊन बसायचं होतं, हे मला माहीत होतं, आणि मी बसलो नाही.

मग तू अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून माझ्या हातावर ठेवलीस. नाव विचारलं नाहीस. मी पायरीवर बसून खाल्ली. आत्या, तिला चव होती. मीठ होतं, तिखट होतं, डोळ्यांतून पाणी आलं. ती अजून पोटात आहे. ती तू कुणाचंच नाव न घेता दिली होतीस, म्हणून असेल. आणि आता मला भूक लागलीय, तीन महिन्यांत पहिल्यांदा, इतकी की अक्षर वाकडं येतंय.

मी कारखान्यात कळवलंय, परत जात नाही. उद्या एक वाजता पुन्हा दारात येईन, परवाही येईन. मला ओळखलं नाहीस तरी चालेल, भिकारी समज. माझं नाव घेऊ नकोस. फक्त त्याच्या आधी मला वाढ.

दारात उभा असेल त्याच्यावर तुझी माया असू दे.

तुझाच.
(नाव मुद्दाम लिहीत नाही.)