जिल्ह्यातल्या नऊ ब्रॅमली

२१ जानेवारी १९७९, रविवार

आण्णा म्हणजे कहर आहे! सकाळी अंगणात गाडी पुसत होतो, तर मागे येऊन उभा. "ह्या डबड्याला आंघोळ घालून काय मिळायलंय रे तुला?"

डबडं! ब्रॅमली टेन, एकोणचाळीस सालची, विलायतेत घडलेली. एकसष्ट साली एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी "सांभाळ हो तिला" म्हणून माझ्या हाती दिली, ती आजतागायत ताडपत्रीखाली फुलासारखी जपली आहे. दर रविवारी पुसतो. कोणाला आत बसू देत नाही. मी स्वतःसुद्धा बसत नाही! आणि हा चादरीवाला तिला डबडं म्हणतो.

खरा मुद्दा वेगळाच होता. थोरला भाऊ राहतो साखर पेठेत, पण हे अंगण वडिलार्जित, दोघांचं. तिथे त्याला पॉवरलूमचं शेड घालायचंय, आणि गाडी बरोबर मधोमध. मी म्हटलं, गाडी दुर्मिळ आहे, हलणार नाही. म्हणाला, "किती दुर्मिळ?" मी तावातावात बोलून गेलो — अख्ख्या जिल्ह्यात एकच!

"सिद्ध कर की मग. एकच असली तर शेड दुसरीकडं बघतो. अजून एक जरी घावली, तर पाडव्याच्या आत भंगारात."

शब्द दिला. काशम्मा दारातून ऐकत होती, तिने कपाळावर हात मारून घेतला. बायकोचा नवऱ्यावर एवढाही भरवसा नसावा!

२२ जानेवारी, सोमवार, कुर्डुवाडी

सोमवारी इथे यायचं, शनिवारी सोलापूरला परतायचं — पार्सल ऑफिसात सतरा वर्षं अशीच गेली. पण आज या नोकरीचा उपयोग झाला! जिल्ह्यातल्या एकूण एक स्टेशनच्या पार्सल बाबूला पोस्टकार्ड लिहिलं. गोल पाठ, चार दारं, पुढची दारं उलटी उघडतात, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे — अशी मोटार आपल्या भागात दिसली असल्यास तारखेसह कळवावे. पोलिसांना जमणार नाही ते पार्सल बाबूंना जमतं. एक पत्र विलायतेतल्या कारखान्यालाही टाकलं.

२८ जानेवारी, रविवार

गाडी पुसताना मागच्या सीटखाली तांदूळ सापडले. पिवळे. उंदीर झालेत! देवघरातून पळवून आणत असणार. काशम्माला औषध टाकायला सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला गेली. तो आधीच पेटलेला होता.

३ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं उत्तर! मोहोळहून. "सदरहू वर्णनाची मोटार मागील मे महिन्यात एका वरातीत पाहिली. झेंडूने मढवलेली असल्याने नंबर दिसला नाही."

मोहोळला! इतक्या जवळ! घरी सांगितलं तर काशम्माच्या हातून भाकरी करपली. बिचारीलाही धक्का बसला.

७ फेब्रुवारी

माढ्याला एक. अक्कलकोट रोडला एक. दोन्ही वरातीत. या मेल्या ब्रॅमलीवाल्यांना वरातीशिवाय दुसरा उद्योग नाही का?

९ फेब्रुवारी

बार्शी. दुधनी. जेऊर. वहीत नोंद केली — एकूण नग सहा. आपली धरून सात. रात्री जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

काशम्मा म्हणते, "आता ती कार्डं बंद करा की. एकच हाय म्हणून सांगा आण्णांना, आणि मोकळं व्हा."

म्हणजे खोटं बोलू? पार्सल क्लार्क नोंद लपवत नाही! तसं बाणेदारपणे सांगितलं तर म्हणाली, "अय्यो शिवा," आणि उठून गेली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

जेऊरच्या बाबूने करमाळ्यातही एक असल्याचं कळवलं, म्हणून रजा टाकून तिथे गेलो. स्वतःच्या डोळ्यांनी शहानिशा केल्याशिवाय मी मानणार नव्हतो. बाजार समितीत येडू नावाचा हमाल भेटला. त्याच्या भावकीच्या लग्नात गाडी आली होती.

"लई झ्याक गाडी, सायेब! पोरगी नांदायला गेली आन् वर्साच्या आत पाळना हालला की. त्या गाडीचा गुणच हाय तसा." मग हसायलाच लागला. "पर गाडीचं सोडा, ती चालवायला कोन—"

मी मध्येच थांबवलं. चालवणाऱ्याशी मला काय कर्तव्य? दारं किती ते सांग! म्हणाला, चार. पुढची उलटी? व्हय, उलटी.

नग सात. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही, तेही बरोबरच.

२१ फेब्रुवारी

विलायतेचं पत्र आलं, तिथल्या पोस्टमास्तरचं. कंपनी बंद पडून वीस वर्षं झाली म्हणे. आणखी एक कार्ड आलं, होटगीहून. नग आठ. आपली धरून नऊ.

२५ फेब्रुवारी, रविवार

समोरच्या गॅरेजमधल्या निंगप्पाला गाठलं. अधूनमधून तोच माझं इंजिन बघतो. विचारलं, अरे, या ब्रॅमली जिल्ह्यात इतक्या आहेत, तर तुझ्या गॅरेजात कशी एकही येत नाही? तो पान गिळून बसला. ठसका लागला. पाणी दिलं.

"आपली तरी ठीक आहे ना रे?"

"हाय की. लई ठीक हाय. रोजच्या रोज— म्हंजे, रोज रोज बघतो मी."

बघ म्हणावं! असा जीव लावणारा माणूस.

४ मार्च, रविवार

आण्णाकडे गेलो आणि सांगून टाकलं. नऊ. तो जोरात हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं. भंगारवाला पंचवीस तारखेनंतर येणार.

घरी आल्यावर गाडी पुसली. रविवार होता म्हणून. आणि खरं सांगायचं तर रडू आलं. पन्नाशीच्या माणसाने बॉनेटवर डोकं टेकून रडावं! पण आयुष्यात माझ्याकडे दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी होतं, ते हे एकच. तेही नव्हतं.

काशम्मा पायरीवर येऊन उभी राहिली. खाली पडलेलं फडकं उचलून तिने दोरीवर टाकलं आणि आत गेली.

१३ मार्च, मंगळवार, कुर्डुवाडी

हे आजच्या आज लिहून ठेवलं पाहिजे.

आज बदलीवर आलेल्या नव्या क्लार्कने चादरींच्या गठ्ठ्याचा हिशोब लावला. सोलापूरला एक नोंद, इथे एक, दौंडला एक — म्हणून तीन गठ्ठे! मी ओरडलो, "अहो महाराज! गठ्ठा एकच! ज्या स्टेशनवर उतरला तिथे तिथे नोंद होणारच! तीन नोंदी म्हणजे तीन गठ्ठे होतात काय?"

आणि मग माझं वाक्य माझ्याच कानांवर पडलं.

वही काढली. आठ नोंदी, आठ तारखा. एकाही दिवशी दोन गाड्या दोन ठिकाणी नाहीत. दिनदर्शिका काढून वार लावले. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार... मी कुर्डुवाडीत असतो ते वार. रविवार एकही नाही! रविवारी ती माझ्यासमोर असते, आणि माझ्या हातात फडकं असतं.

सतरा वर्षं पार्सल खातं! लाज वाटते.

१७ मार्च, शनिवार

बूटसुद्धा न काढता विचारलं. काशम्माने ट्रंक उघडली. खणच खण! इरकली, रेशमी, सुती. वरातीहून गाडी परत पाठवताना घरच्या बाईची खणा-नारळाने ओटी भरतात म्हणे.

"चार वर्सं झाली घरात नारळ विकत आणलेला न्हाय. तुमच्या कधी ध्यानात आलं?"

नाही आलं! रोज नारळाची चटणी खात होतो!

सुरुवात शेजारच्या सारजाबाईच्या मुलीपासून झाली. नाही म्हणवेना. त्या पोरीला वर्षात मुलगा झाला आणि मग तोच बोलबाला. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मला सोडून! म्हणजे तो निंगप्पा माझ्या पाठीमागे गाडी करमाळ्यापर्यंत पळवत होता. आणि त्याला मी पाणी पाजलं!

खूप बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुमी नुसतं पुसता हो तिला. तिचं सोनं व्हावं, कुणाच्या तरी कामी यावी वाटलं मला."

बाहेर जाऊन उभा राहिलो. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला — नऊ नाहीत! एकच आहे! तिथेच हसू फुटलं, इतकं की निंगप्पाने गॅरेजचं दार लावून घेतलं.

१८ मार्च, रविवार

आण्णाला सगळं सांगितलं. यावेळी तो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण व्यापारी तो व्यापारीच!

"एकच हाय, मान्य. पण चालती कशावरून? लोक काय बी सांगत्यात. जगात एकच असलेलं भंगार बी भंगारच की. पुढच्या रविवारी माझ्यासमोर सात रस्त्याच्या चौकापर्यंत नेऊन आण. नाय आणलीस तर भंगारवाला हायच."

हात्तिच्या! मी शेवटची चालवली ती एकसष्ट साली, तीही सरळ फाटकावर. पण काळजी नाही. निंगप्पाला माफ केलं आणि रविवारी हजर राहायला सांगितलं. तो "येतो की" म्हणाला, पण माझ्याकडे विचित्र बघत होता.

२५ मार्च, रविवार

आण्णा घड्याळ घेऊन उभा. मी निंगप्पाच्या हातात किल्ली दिली. तो दोन पावलं मागे सरला. "मला गाडी उघडता येती, जोडता येती. चालवायला कुटं येतंय सायेब?" काशम्मा पदर खोचून घरातून आली, किल्ली घेतली, उलटं दार उघडून आत बसली आणि एका झटक्यात इंजिन सुरू केलं. आण्णाने फाटक उघडलं.

मी मागच्या सीटवर बसून सात रस्ता बघून आलो.